अपराजित नोंदीचे वाचन : फ्लॉइड मेवेदर आणि प्रतिस्पर्ध्यांच्या निवडीचा वाद

प्रस्तावना

२६ ऑगस्ट २०१७ रोजी लास व्हेगास येथे फ्लॉइड मेवेदर याने कॉनर मॅकग्रेगर याला दहाव्या फेरीत पराभूत केले आणि त्याची व्यावसायिक नोंद ५०-० अशी झाली. पन्नास लढती, पन्नास विजय, त्यांपैकी सत्तावीस प्रतिस्पर्ध्याला बाद करून मिळविलेले. रॉकी मार्सियानो याच्या ४९-० या आकड्याला सहा दशकांहून अधिक काळ एक प्रकारचे पावित्र्य लाभले होते. तो आकडा एका अंकाने मागे पडला. मात्र या लढतीनंतर मेवेदरच्या थोरवीविषयीचा वाद मिटला नाही, उलट अधिक कडवट झाला. पन्नासाव्या विजयाचा मानकरी ठरलेला प्रतिस्पर्धी मॅकग्रेगर हा मिश्र युद्धकलेतील विजेता असला, तरी व्यावसायिक मुष्टियुद्धातील त्याची ती पहिलीच लढत होती.

मेवेदरच्या चाहत्यांचे म्हणणे सरळ आहे. जो कधी हरला नाही त्याच्याविषयी आणखी काय सिद्ध व्हावयाचे? टीकाकारांचे म्हणणेही तितकेच सरळ आहे. ज्याने आपले प्रतिस्पर्धी स्वतः निवडले, त्याच्या न हरण्याला किती किंमत द्यावयाची? हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी वाटत असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. दोघेही नोंदीतील शून्याभोवतीच फिरतात. एक पक्ष त्या शून्याचे रक्षण करतो, दुसरा त्याला खोटे ठरवू पाहतो. प्रस्तुत लेखात या नोंदीचे वाचन शून्याला बाजूस ठेवून करावयाचे आहे. प्रतिस्पर्धी कोण होता हा प्रश्न पुरेसा नाही, तो केव्हा आणि कोणत्या वजनावर समोर आला हा प्रश्न अधिक निर्णायक आहे, आणि त्या कसोटीवर मेवेदरवरील बहुतेक आरोप टिकत नाहीत. जो एक टिकतो तो मात्र गंभीर आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

नोंद म्हणजे काय?

टेनिसपटूचा प्रतिस्पर्धी सोडतीने ठरतो, फुटबॉल संघाचा वेळापत्रकाने. व्यावसायिक मुष्टियुद्धात असे काहीही नाही. तेथे लढत ही वाटाघाटीतून जन्मते. प्रमोटर, दूरचित्रवाणी कंपन्या, वकील आणि दोन्ही छावण्या यांच्यात करार झाला तरच दोन योद्धे रिंगणात उतरतात. प्रमुख जागतिक संघटना चार आणि वजनगट सतरा. म्हणजे कागदोपत्री अडुसष्ट जगज्जेते एकाच वेळी असू शकतात, त्यात ‘सुपर’ आणि ‘अंतरिम’ अशा पदव्यांची भर वेगळीच. संघटनेने अनिवार्य आव्हानवीर ठरविला तरी विजेत्याला पट्टा सोडून देऊन दुसऱ्या लढतीकडे वळण्याची मुभा असते. अशा व्यवस्थेत एकाच वजनगटातील दोन उत्तम योद्धे आपली संपूर्ण कारकीर्द एकमेकांना न भेटता पुरी करू शकतात.

आपल्याकडील कुस्तीच्या परिभाषेत याला नेमका शब्द आहे. मैदानात पंचमंडळी जोड पाहून कुस्ती लावतात आणि इनामाची रक्कम जोडीच्या तोलाप्रमाणे ठरते. ‘जोड’ या शब्दात तुल्यबळता गृहीतच आहे. बेजोड कुस्तीतील विजयाला जाणकार प्रेक्षक टाळी देत नाही. मुष्टियुद्धातील विजेता एका मर्यादेपुढे गेला की तो स्वतःच पहिलवान असतो आणि स्वतःच जोड लावणारा पंचही असतो. २००७ नंतर स्वतःची प्रवर्तन संस्था उभारणाऱ्या मेवेदरच्या बाबतीत हे अक्षरशः खरे होते. लढतीची तारीख, वजन आणि रकमेची वाटणी यांवर त्याचा शब्द अखेरचा ठरू लागला.

साहित्याच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. कवीने स्वतः संपादित केलेला निवडक संग्रह वाचताना समीक्षक आत आलेल्या कवितांचा विचार करतो, तसाच गाळलेल्या कवितांचाही करतो. केवळ ५०-० हा आकडा म्हणजे अशा संग्रहाची पृष्ठसंख्या होय. तीवरून आतील कवितांचा अंदाज येत नाही.

निवडलेली नावे

प्रथम संग्रहात जे आले ते पाहावे. मेवेदरच्या विरोधकांकडून हा भाग बहुधा घाईने उरकला जातो. ऑक्टोबर १९९८ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने हेनारो हर्नांडेझ याच्याकडून १३० पौंडांच्या गटाचे जागतिक विजेतेपद मिळविले. व्यावसायिक कारकीर्दीला आरंभ होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. जानेवारी २००१ मध्ये त्याच गटात डिएगो कोरालेस समोर आला. तोही अपराजित, मेवेदरपेक्षा उंच आणि एका ठोशात लढत संपविण्याची ख्याती असलेला. मेवेदरने त्याला पाच वेळा खाली पाडले आणि दहाव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून लढत थांबविण्यात आली. या लढतीला ‘सुरक्षित निवड’ म्हणणे कोणत्याही निकषावर शक्य नाही.

त्यानंतरची नावेही क्षुल्लक नाहीत. होसे लुइस कास्तियो, आर्तुरो गाटी, झॅब जुडा, कार्लोस बाल्दोमिर, ऑस्कर डे ला होया, रिकी हॅटन, हुआन मॅन्युएल मार्केझ, शेन मोझली, मिगेल कोट्टो, साउल ‘कानेलो’ आल्वारेझ, मार्कोस मायदाना, मॅनी पॅकियाव. यांतील बहुसंख्य जण कधी ना कधी जागतिक विजेते होते. केवळ नावांची यादी मांडली तर विसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या हलक्या व मध्यम वजनगटांचा अर्धा इतिहास तीत सामावतो.

येथे काळाचा एक विलक्षण परिणाम ध्यानात घ्यावा लागतो. काही विजयांची किंमत ते मिळविल्यानंतर वाढत गेली. मे २००५ मध्ये कोरालेस आणि कास्तियो परस्परांशी लढले आणि ती लढत आधुनिक काळातील सर्वोत्तम लढतींपैकी एक मानली जाते. मेवेदरने त्या दोघांनाही त्यापूर्वीच हरविले होते. सप्टेंबर २०१३ मध्ये आल्वारेझ तेवीस वर्षांचा होता. पुढे २०१९ मध्ये त्याने लाइट हेवीवेट गटातील विजेतेपद जिंकले आणि २०२१ मध्ये सुपर मिडलवेट गटातील चारही पट्टे एकत्र केले. आज मागे वळून पाहणाऱ्याला मेवेदरने एका भावी महान योद्ध्याला धडा दिला असे दिसते. पण त्या वेळी तो योद्धा अपक्व होता, आणि त्याला आपल्या १५४ पौंडांच्या गटाखाली १५२ पौंडांपर्यंत उतरावे लागले होते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. चाहते पहिले सांगतात, टीकाकार दुसरे.

मार्केझच्या बाबतीत वजनाचा प्रश्न अधिक उघड होता. सप्टेंबर २००९ मध्ये निवृत्तीतून परतताना मेवेदरने १३५ पौंडांच्या गटातील विजेत्याला १४४ पौंडांच्या ठरीव वजनावर बोलाविले आणि स्वतः ते वजनही पाळले नाही. दोन पौंड अधिक भरल्याबद्दल त्याने सहा लाख डॉलर भरपाई दिली. ज्या खेळात एकेका पौंडासाठी योद्धे उपाशी राहतात, तेथे वजन विकत घेता येते हे या प्रसंगाने दाखवून दिले. लढत एकतर्फी झाली. मात्र तोच मार्केझ डिसेंबर २०१२ मध्ये पॅकियावला सहाव्या फेरीत बेशुद्ध पाडतो, आणि मग २००९ च्या त्या एकतर्फी विजयाला केवळ वजनाचा विजय म्हणून मोडीत काढणेही अवघड होते.

गाळलेली नावे

आरोपांच्या यादीत अनेक नावे येतात. कोस्त्या झू, अँतोनियो मार्गारितो, पॉल विल्यम्स, सेर्जिओ मार्तिनेझ, गेनादी गोलोव्हकिन. या सर्वांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. गोलोव्हकिन १६० पौंडांच्या गटातील, तर मेवेदर १५४ पौंडांच्या गटातही वजनाची पूर्ण मर्यादा न गाठणारा. अशा दोघांची लढत झाली नाही याला टाळाटाळ म्हणणे म्हणजे वजनगटांचा हेतूच नाकारणे होय. झूच्या बाबतीत दोघांचा एकाच गटातील काळ फार थोडा होता. जून २००५ च्या आरंभी हॅटनने झूला हरविले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मेवेदरने गाटीला हरवून १४० पौंडांचे विजेतेपद घेतले. पुढे २००७ मध्ये हॅटन त्याच्यासमोर आलाच.

मार्गारितोचे प्रकरण अधिक बोलके आहे. २००६ मध्ये प्रमोटर बॉब आरम याने मार्गारितोविरुद्ध लढण्यासाठी ऐंशी लाख डॉलरचा प्रस्ताव मेवेदरपुढे ठेवला होता. मेवेदरने तो नाकारला, साडेसात लाख डॉलर देऊन आरमच्या कंपनीशी असलेला करार सोडविला आणि बाल्दोमिरशी लढून वेल्टरवेट गटाचे वारसाहक्काने चालत आलेले विजेतेपद मिळविले. मार्गारितो त्या वेळी या गटातील सर्वांत भयप्रद मानला जात होता, म्हणून हा नकार ‘भित्रेपणा’ या सदरात नोंदविला गेला. पुढे जानेवारी २००९ मध्ये मोझलीविरुद्धच्या लढतीपूर्वी मार्गारितोच्या हातांवरील पट्ट्यांत बेकायदा कठीण भराव आढळला आणि कॅलिफोर्नियाच्या आयोगाने त्याचा परवाना रद्द केला. या शोधाने मेवेदरचा २००६ चा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही, कारण तेव्हा त्याला हे ठाऊक असल्याचा पुरावा नाही. परंतु ‘त्याने कोणाला टाळले’ एवढेच विचारून न थांबता ‘ज्याला टाळले तो काय घेऊन येणार होता’ हेही विचारावे लागते, एवढे मात्र त्यातून निश्चित दिसते.

उरतो पॅकियाव. या एका नावाशी येताच बचावाची भाषा अडखळू लागते. २००८ च्या अखेरीस डे ला होया, मे २००९ मध्ये हॅटन आणि नोव्हेंबर २००९ मध्ये कोट्टो अशा तिघांना पॅकियावने ज्या रीतीने नमविले, त्यानंतर जगातील सर्वोत्तम योद्धा या दोघांपैकी कोण, एवढाच प्रश्न शिल्लक होता. दोघेही वेल्टरवेट गटात होते, दोघेही ऐन भरात होते, पैशाची वानवा नव्हती. १३ मार्च २०१० ही तारीखही ठरत आली होती. मग मेवेदरच्या बाजूने ऑलिंपिकच्या धर्तीवर केव्हाही रक्ततपासणी करण्याची अट पुढे आली. पॅकियावने लढतीपूर्वी २४ दिवसांपर्यंत रक्त देण्याची तयारी दर्शविली, मेवेदर १४ दिवसांपर्यंत खाली आला. दहा दिवसांच्या या फरकावर लढत मोडली.

या अटीचे मूल्यमापन करताना समीक्षकाने सावध राहावे. तत्त्वतः मेवेदरची मागणी योग्य होती. उत्तेजक द्रव्यांची अचूक तपासणी ही या खेळाची गरज होती आणि त्यानंतरच्या आपल्या लढतींत त्याने ती स्वतः स्वीकारली. पण नेवाडा राज्याच्या नियमांत तेव्हा अशी अट नव्हती, पॅकियाव कोणत्याही चाचणीत कधी दोषी आढळला नव्हता, आणि मेवेदरच्या छावणीतून होणारी सूचक विधाने बदनामीच्या दाव्यापर्यंत गेली. तो दावा २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. तत्त्व खरे असणे आणि तत्त्वाचा ढाल म्हणून उपयोग होणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. मे २०१५ मधील प्रत्यक्ष लढतीच्या आदल्या दिवशी मेवेदरने शिरेवाटे घेतलेल्या द्रवाला अमेरिकन उत्तेजकविरोधी संस्थेने नंतर, मागाहून, सूट दिली. दहा दिवसांच्या फरकावर लढत मोडणाऱ्या पक्षाला हा तपशील शोभणारा नाही.

ही पाच वर्षे कोणाच्या खर्चाने गेली? पॅकियाव जून २०१२ मध्ये टिमथी ब्रॅडलीविरुद्ध वादग्रस्त निर्णयाने हरला, त्याच वर्षाअखेर मार्केझच्या ठोशाने पडला. मेवेदरचाही वेग या काळात उणावला, पण त्याची शैलीच कमी मार खाण्याची असल्याने काळ त्याच्यावर सावकाश चालला. २ मे २०१५ रोजी दोघे समोरासमोर आले तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा, पॅकियाव ३६ वर्षांचा होता. ११८-११०, ११६-११२, ११६-११२ असा निर्णय झाला. निर्णय न्याय्य होता. अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी ही लढत पैसे भरून पाहिली आणि एकूण उत्पन्न चाळीस कोटी डॉलरच्या पुढे गेले. म्हणजे विलंबाने लढतीची क्रीडामूल्यात्मक किंमत घटली आणि बाजारमूल्य मात्र वाढले. यातच या आरोपाचा गाभा आहे. मेवेदर पॅकियावशी लढला नाही असे म्हणता येत नाही. त्याने त्याला पिकून गळेपर्यंत झाडावर राहू दिले असे मात्र म्हणता येते. आणि २०१० मध्ये तो बहुधा जिंकलाच असता, हा चाहत्यांचा युक्तिवाद त्याच्या बाजूने न जाता त्याच्याविरुद्धच जातो. जिंकण्याची खात्री असलेल्याने थांबण्याचे कारण काय?

‘टाळणे’ या शब्दाचा इतिहास

मेवेदरवरील आरोपांत ‘टाळणे’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला जातो, ती सहजता त्या शब्दाच्या इतिहासाशी परिचय नसल्याचे दर्शविते. १९१९ ते १९२६ या काळात हेवीवेट विजेता असलेल्या जॅक डेम्प्सीसमोर हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय आव्हानवीर वर्षानुवर्षे उभा होता. करार झाले आणि मोडले. १९१० मध्ये जॅक जॉन्सनने जेम्स जेफ्रीज याला हरविल्यानंतर अमेरिकेत उसळलेल्या वांशिक दंगलींची आठवण प्रमोटर टेक्स रिकार्ड याला पुरेशी होती. न्यूयॉर्कच्या आयोगाने विल्सचा हक्क मान्य केला, तेव्हा डेम्प्सीची जीन टनीविरुद्धची लढत फिलाडेल्फियाला हलविण्यात आली. विल्स तोवर ३७ वर्षांचा झाला होता. विजेतेपदाची संधी त्याला कधीच मिळाली नाही.

याहून अस्वस्थ करणारे उदाहरण स्वतः जॉन्सनचे आहे. वर्णभेदाची भिंत ओलांडून १९०८ मध्ये सिडनी येथे विजेता झालेल्या या योद्ध्याने विजेतेपदाच्या काळात केवळ एकाच कृष्णवर्णीयाशी, १९१३ मध्ये पॅरिस येथे बॅटलिंग जिम जॉन्सनशी, लढत दिली. सॅम लँगफर्डला त्याने १९०६ मध्ये हरविले होते, परंतु विजेता झाल्यावर तो त्याच्या वाट्याला गेला नाही. गोऱ्या आव्हानवीरांविरुद्ध पैसा अधिक होता, धोका कमी होता. पुढच्या पिढीतील चार्ली बर्ली तर आपल्या काळातील कुशलतम योद्ध्यांपैकी एक असूनही विजेतेपदासाठी एकदाही रिंगणात उतरू शकला नाही. त्याने पिट्सबर्गमध्ये कचरा वाहून नेण्याचे काम केले.

विल्स आणि बर्ली यांना टाळले गेले, तेव्हा त्यांची आयुष्येच बदलली. पॅकियावला टाळले गेले तेव्हा त्याला पाच वर्षांनी अमाप संपत्ती मिळाली. दोन्हीसाठी एकच क्रियापद वापरणे भाषेच्या दृष्टीने सोयीचे असेल, न्यायाच्या दृष्टीने नाही. मेवेदरच्या विलंबाने कोणा योद्ध्याचे फारसे नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते खेळाचे, कारण त्या पिढीची सर्वांत महत्त्वाची लढत योग्य वेळी झालीच नाही.

मार्सियानो, लुइस, रॉबिन्सन

ज्यांच्याशी तुलना करून मेवेदरला लहान ठरविले जाते त्यांच्या नोंदीही याच कसोटीवर वाचल्या पाहिजेत. मार्सियानोच्या ४९ विजयांपैकी ४३ बाद करून मिळविलेले आहेत आणि त्यांचा दरारा खरा आहे. पण त्याच्या यादीतील थोर नावांची वये पाहावीत. ऑक्टोबर १९५१ मध्ये जो लुइस ३७ वर्षांचा, निवृत्तीतून पैशासाठी परतलेला. सप्टेंबर १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा, आणि तेराव्या फेरीत तो ठोसा बसेपर्यंत गुणांत पुढे. १९५५ मध्ये आर्ची मूर चाळिशीच्या आसपास. एझार्ड चार्ल्स काहीसा तरुण, परंतु त्याचा उत्तम काळ हेवीवेटहून खालच्या गटात सरलेला. यात मार्सियानोचा दोष नाही. त्याच्या काळात जे होते त्यांच्याशी तो लढला, हे अधिकांशाने खरे आहे. मात्र त्याच्या शून्याला जी सवलत दिली जाते ती मेवेदरच्या शून्याला नाकारण्याचे कारण खेळात न शोधता आठवणींच्या रंगात शोधावे लागते.

लुइसच्या बाबतीत तर वृत्तपत्रांनीच टिंगल केली होती. डिसेंबर १९४० पासून जून १९४१ पर्यंत त्याने दरमहा एक याप्रमाणे सात वेळा विजेतेपद राखले आणि त्या प्रतिस्पर्ध्यांना ‘दरमहा एक नालायक’ अशा अर्थाचे नाव पडले. त्या मालिकेतील सातवा बिली कॉन. बारा फेऱ्यांनंतर तिघांपैकी दोन गुणलेखकांच्या पत्रकावर लुइस मागे होता. तेराव्या फेरीत त्याने कॉनला बाद केले. जो विजेता दरमहा लढतो त्याच्या यादीत दुबळे प्रतिस्पर्धी येणारच, पण त्याच गतीने कॉनही येतो. वर्षातून एक वा दोन लढती देणाऱ्या विजेत्याला अशी चूक परवडत नाही आणि अशी संधीही मिळत नाही.

शुगर रे रॉबिन्सनचे उदाहरण या संदर्भात सर्वाधिक अर्थपूर्ण आहे. सर्व वजनगटांचा विचार करून आजवरचा सर्वश्रेष्ठ योद्धा कोण, या प्रश्नाला जाणकारांकडून बहुधा त्याचेच नाव येते, आणि त्याच्या नोंदीत एकोणीस पराभव आहेत. ओळीने चाळीस विजय मिळविल्यानंतर ५ फेब्रुवारी १९४३ रोजी जेक लामोटाने त्याला प्रथम हरविले. बरोबर तीन आठवड्यांनी, २६ फेब्रुवारीला, रॉबिन्सन पुन्हा लामोटासमोर उभा राहिला आणि जिंकला. दोघे एकूण सहा वेळा लढले, पाच वेळा रॉबिन्सन जिंकला. जुलै १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनने त्याचे विजेतेपद घेतले, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला त्याने ते परत मिळविले. या काळात पराभव ही दुरुस्त करता येण्याजोगी बाब होती. तिची किंमत होती, पण ती कारकीर्दीची नव्हती. पुढे लढती विरळ झाल्या, प्रत्येक लढत घरबसल्या पैसे भरून पाहण्याचा स्वतंत्र माल बनली, आणि अपराजितपणा हे विक्रीचे बोधचिन्ह झाले. मेवेदरने आपल्या टोप्यांवर ‘आजवरचा सर्वोत्तम’ अशी आद्याक्षरे छापली, ती या बाजाराची भाषा होती. शून्याला एवढी किंमत त्याने एकट्याने आणलेली नाही. पण तिचा सर्वाधिक लाभ त्याने घेतला.

सावधपणा आणि मार

टीकाकारांनी मेवेदरच्या सावधपणाला भित्रेपणा म्हणताना एक गोष्ट सहसा बाजूस ठेवली आहे. हा खेळ मेंदूला इजा करतो. रॉबिन्सनची अखेरची वर्षे स्मृतिभ्रंशात गेली. मुहम्मद अली ऑक्टोबर १९८० मध्ये, ३८ व्या वर्षी, लॅरी होम्ससमोर उभा राहिला, तेव्हा त्याला कोणी भित्रा म्हटले नाही. १९८४ मध्ये त्याच्या पार्किन्सनच्या आजाराचे निदान झाले. कोरालेस, गाटी, हॅटन यांसारखे योद्धे प्रेक्षकांना प्रिय झाले ते मार खात पुढे जाण्याच्या वृत्तीमुळे. मेवेदर प्रेक्षकांना प्रिय झाला नाही, कारण तो मार खात नसे. डावा खांदा पुढे करून ठोसा त्यावरून घरंगळू देण्याची त्याची पद्धत आणि प्रतिस्पर्धी निवडण्याची त्याची पद्धत यांत एकच बुद्धी काम करते, असे म्हणता येईल. रिंगणात तिचे कौतुक करावयाचे आणि करारपत्रात तिचा धिक्कार करावयाचा, ही प्रेक्षकाची सोय आहे; आणि प्रेक्षक स्वतः ठोसे खात नाही.

तरीही हा बचाव सर्वत्र लागू पडत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये एकोणपन्नासाव्या विजयासाठी निवडलेला आंद्रे बेर्टो त्याआधीच्या सहापैकी तीन लढती हरलेला होता. मॅकग्रेगरविषयी तर काही बोलण्याची आवश्यकताही नाही. नेवाडाच्या आयोगाने ती लढत अधिकृत मानली, म्हणून ती नोंदीत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये जपानमध्ये तेन्शिन नासुकावा याच्याशी आणि २०२१ मध्ये लोगन पॉल याच्याशी झालेले सामने प्रदर्शनीय होते, म्हणून ते नोंदीत नाहीत. पन्नासावी लढत आणि हे सामने यांतील अंतर नियमपुस्तकापुरतेच आहे. संग्रहाची पृष्ठसंख्या गोल आकड्यात यावी म्हणून अखेरीस जोडलेल्या कवितेसारखी ही भर आहे.

मेवेदरच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा कोणता, असे विचारले तर तो या गोल आकड्यात सापडत नाही. तो २० एप्रिल २००२ च्या लढतीत आहे. त्या रात्री लास व्हेगास येथे कास्तियोविरुद्ध न्यायाधीशांनी ११६-१११, ११५-१११, ११५-१११ असा मेवेदरच्या बाजूने एकमुखी निर्णय दिला, आणि प्रेक्षागारातून नाराजी उमटली. ठोशांची मोजणी करणाऱ्यांच्या आकड्यांत कास्तियो पुढे होता. दूरचित्रवाणीवरील अनधिकृत गुणलेखकाने नेमके उलट, ११५-१११ असे कास्तियोला विजयी ठरविले होते. आजही अनेक जाणकार त्या लढतीत मेवेदर हरला असे मानतात. म्हणजे त्याच्या शून्याला प्रत्यक्षात तडा गेला असेल तर तो तेथे. पट्टा हाती होता, निर्णय नोंदला गेला होता, दुसऱ्या वजनगटाकडे वळून हा विषय कायमचा मिटविता आला असता. पुढच्या काळातील मेवेदरने कदाचित तेच केले असते. पंचवीस वर्षांचा मेवेदर मात्र त्याच वर्षी ७ डिसेंबरला, त्याच वजनावर, त्याच कास्तियोसमोर पुन्हा उभा राहिला आणि बारा फेऱ्यांनंतर ११५-११३, ११५-११३, ११६-११३ असा जिंकला.